अर्धी गोळी

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की अलीकडे घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते. "नको, शुगर आहे." पूर्वी हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. आता पस्तिशीतले जावईसुद्धा करंजी बाजूला सारताना तेच म्हणतात. यजमानीणबाई "एवढ्यानं काय होतंय की" असा आग्रह करतात, पाहुणा भिडेखातर अर्धी करंजी मोडून घेतो आणि उरलेली अर्धी ताटात तशीच राहते. त्यावरून थोडी थट्टा होते, चहा बिनसाखरेचा येतो आणि विषय संपतो. त्या अर्ध्या करंजीविषयी मला काही म्हणायचे नाही. मला लिहायचे आहे ते एका अर्ध्या गोळीविषयी. गेले वर्षभर ती माझ्या मनातून जात नाही.

हिंडलग्याच्या परिसरातील एका हायस्कुलात मी मुख्याध्यापक आहे. आमच्याकडे अक्षर दासोह योजनेचा भात-सांबार शिजवणाऱ्या तिघी बायका आहेत. त्यांतल्या एकीला सारी शाळा 'मावशी' म्हणते, मीही म्हणतो. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. एकुलता एक मुलगा आमच्याच शाळेत शिकला आणि एसएसएलसीच्या परीक्षेत शाळेत पहिला आला. त्या वर्षीच्या बक्षीस समारंभात मी मावशींना व्यासपीठावर बोलावले, साडी-नारळ दिला आणि माझ्या सवयीप्रमाणे चार शब्द बोललो. "ही माउली स्वतःसाठी एक पैसा खर्च करत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी ती चंदनासारखी झिजली आहे. मुलांनो, देवळात जायला वेळ नसेल तर या पायांवर डोके ठेवा." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आपले भाषण चांगले झाले, असे मलाही वाटले.

पुढे त्याच पायांकडे पाहण्याची वेळ माझ्यावर आली.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात सांबाराचे पातेले उतरवताना त्याची गरम कड मावशींच्या डाव्या पायाला लागली. एरवी माणूस किंचाळला असता. मावशींना चटकाच जाणवला नाही. संध्याकाळी पाय धुताना फोड दिसला, त्यावर त्यांनी हळद दाबली, फडके बांधले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. आठवड्याने करंगळी काळी पडली. शेजारची बाई त्यांना जबरदस्तीने दवाखान्यात घेऊन गेली. तिथून मोठ्या हॉस्पिटलात पाठवले आणि तिसऱ्या दिवशी पायाची दोन बोटे काढावी लागली. रक्तातली साखर चारशेच्या वर होती.

मी भेटायला गेलो तेव्हा मावशी उठून बसू लागल्या. मी त्यांना बसू दिले नाही. डॉक्टरांनी गोळ्या कधीपासून चालू आहेत असे विचारले होते, आणि पाच वर्षांपासून, हे उत्तर ऐकून त्यांना नवल वाटले होते. पाच वर्षे औषध चालू असताना साखर एवढी कशी? मी तोच प्रश्न विचारला. मावशी थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्धीच घेत होते ओ सर. मोडून. महिन्याचं पाकीट दोन महिने जातंय की."

"कधीपासून?"

"पोराला सायन्सला घातलं तवापासून."

म्हणजे मी व्यासपीठावरून त्यांच्या त्यागाची स्तुती केली त्यानंतर काही आठवड्यांत ही अर्धी गोळी सुरू झाली होती.

घरी येऊन मी कागदावर हिशेब मांडला. शिक्षकाला दुसरे काय येते? मावशी बाहेरच्या दुकानातून दोन प्रकारच्या गोळ्या घेत. महिन्याचा खर्च सुमारे चारशे रुपये. अर्धी मोडून घेतल्यामुळे वाचत दोनशे. असे सव्वीस महिने चालले. म्हणजे वाचले पाच हजार दोनशे रुपये. आता दुसरी बाजू. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी कार्डावर झाला, हे खरे. पण आधीच्या तपासण्या, रिक्षा, दिवसाआड ड्रेसिंग, सोबत राहणाऱ्या बहिणीचा बुडालेला रोजगार, मावशींचे अडीच महिन्यांचे मानधन आणि भिशीतून उचललेले पैसे, हे सारे मिळून अडतीस हजारांच्या पुढे गेले. आणि दोन बोटे कोणत्या रकान्यात लिहायची, हे मला ठरवता येईना.

इतके झाल्यावर पहिला विचार जो मनात येतो तो माझ्याही मनात आला. बाईने वेडेपणा केला. सरकारी आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या साध्या गोळ्या फुकट मिळतात. देशभर २०१० सालापासून या आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तिशीच्या पुढच्या माणसांची तपासणी करावी असे धोरण आहे. शहरात जन औषधीची दुकाने आहेत, तिथे मेटफॉर्मिनची पट्टी चहाच्या कपाच्या भावात मिळते. मग ही बाई तिथे का गेली नाही?

मी हा प्रश्न मावशींना विचारला आणि विचारला नसता तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, "गेले होते की सर, दोनदा. चिठ्ठी काढायची, लाइनीत बसायचं, रक्त द्यायचं, मग गोळी. बारा वाजत्यात. इकडं पोरांचं जेवण बारालाच असतंय. तुम्हाला मी विचारलं होतं." आणि मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात, "तुम्ही म्हणालासा, जेवणाचं कोण बघणार मावशी? रविवारी जावा."

मला तो प्रसंग आठवत नव्हता. अजूनही नीट आठवत नाही. पण मी तसेच म्हणालो असणार याबद्दल मला शंका नाही, कारण ते माझेच वाक्य आहे. रविवारी ती चिठ्ठीची खिडकी बंद असते, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची मला गरजच पडली नव्हती. मलाही मधुमेह आहे. मी दर तीन महिन्यांनी रक्त तपासतो, ओळखीच्या डॉक्टरांकडे संध्याकाळी वेळ घेऊन जातो, आणि एखाद्या दिवशी सकाळी उशिरा शाळेत आलो तर मला विचारणारे कोणी नाही. एकाच शाळेच्या छपराखाली, एकाच आजाराची आम्ही दोन माणसे. माझे पाय शाबूत आहेत. यात माझ्या संयमाचा वाटा किती आणि माझ्या खुर्चीचा वाटा किती?

आपल्या समाजात या आजाराकडे पाहण्याची एक ठरलेली नजर आहे. शुगर झाली म्हणजे तोंड आवरले नाही, अशी ती नजर. आजार हा जणू जिभेच्या पापाचा दंड. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे जन्माबरोबर येणारा, आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. आपण त्यातला दुसरा तेवढा लक्षात ठेवला आणि पहिला सोयीस्करपणे विसरलो. वास्तविक या पहिल्या प्रकाराच्या दिशेने विचार करायला लावणारे मोलाचे संशोधन आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांना असे आढळले की आपल्याकडची बाळे वजनाने इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी असतात, त्यांच्या अंगावर मांस कमी असते, परंतु चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीची बाळे. अशा देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नपुरवठा तोडल्यामुळे उपासमार झाली. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुले मोठी झाल्यावर त्यांच्यातही साखर पचवण्याची शक्ती कमी झालेली आढळली.

याचा अर्थ आहारविहाराला महत्त्व नाही असा नव्हे. चालणे, मोजके खाणे, तंबाखू सोडणे यांना पर्याय नाही. पण ज्या बाईची आई भाताच्या पेजेवर दिवस काढून शेतात राबली, त्या बाईच्या रक्तात साखर वाढली तर तिला "तोंड आवरा" एवढेच सांगणे मला आता क्रूर वाटते. तिच्या आजारात तिच्या आईच्या उपासाचाही वाटा असेल. आईने न खाल्लेल्या घासाचा हिशेब मुलीच्या पायाने चुकता केला, असेही घडत असेल.

त्याच सुश्रुतसंहितेत आणखी एक गोष्ट आहे. तिथे प्रमेहाच्या रोग्याला करायला सांगितलेले उपाय श्रीमंताला वेगळे आणि निर्धनाला वेगळे आहेत. ज्याच्याकडे धन नाही आणि आप्त नाहीत त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. कोणी विहीर खणावी. त्या काळी दुसरे औषध हाती नसताना अंगमेहनतीचा हा सल्ला शहाणपणाचाच होता. पण आज डॉक्टर नेमके उलट सांगतात की मधुमेहाच्या रोग्याने घरातसुद्धा अनवाणी चालू नये, कारण पायाची जाणीव गेली असेल तर काटा रुतल्याचेही कळत नाही. वैद्यक एवढे बदलले, मात्र रोग्याच्या ऐपतीप्रमाणे त्याचे उपाय ठरण्याची रीत काही बदलली नाही. मावशींचा अनवाणी प्रवास आजही चालूच आहे, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मावशींनी केले ते योग्य की अयोग्य?

आमची पिढी साने गुरुजींची 'श्यामची आई' वाचून वाढली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या त्या पुस्तकाने मराठी मनाला आई म्हणजे काय ते शिकवले. ती आईही शेवटी आजारात झिजून जाते. आम्ही ते वाचताना रडलो आणि पुढच्या वर्गांना वाचून दाखवताना पुन्हा रडलो. पण त्या घरी वेळेवर औषधपाणी झाले असते तर काय झाले असते, असा प्रश्न मी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाला विचारला नाही. आईचे झिजणे हे आम्ही सृष्टिक्रमासारखे धरून चाललो, पाऊस पडतो तशी आई झिजते.

परंतु आपल्याच परंपरेत दुसरा सूरही आहे. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त पार्वती कठोर तप करून देह वाळवीत असते. तेव्हा ब्रह्मचाऱ्याच्या वेषात आलेला शिव तिला विचारतो की शक्तीबाहेर तर चालले नाही ना, कारण धर्म आचरायचे पहिले साधन शरीरच आहे. हे वचन आपण व्यायामशाळांच्या भिंतीवर लिहितो. पण ते मुळात सांगितले गेले आहे स्वतःला झिजवणाऱ्या एका स्त्रीला, हे आपल्या ध्यानात राहत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेही १७८५ साली हेच निराळ्या वाटेने मांडले. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, आणि या 'माणसा'त दुसऱ्याबरोबर आपण स्वतःही येतो. स्वतःलाही नुसते साधन करणे हा स्वतःवरचा अन्यायच होय. या दोघांच्या मताने पाहिले तर मावशींची अर्धी गोळी चुकीची ठरते.

हे सारे मी मनाशी मांडून मावशींकडे गेलो होतो. त्यांना समजावून सांगावे, असा विचार होता. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "खरं हाय सर तुमचं. पण पोरगं इंजिनिअरिंगला लागलं न्हवं?"

या प्रश्नापुढे माझे कालिदास आणि कांट दोघेही गप्प बसले. कारण मुलगा खरोखरच लागला होता. त्या पाच हजार दोनशे रुपयांत कॉलेजचा बसचा पास होता, दोन पुस्तके होती, परीक्षेचे शुल्क होते. मावशींनी जो व्यवहार केला तो डोळे झाकून केला नव्हता. पाय जाईल हे त्यांना ठाऊक नव्हते, हे खरे, पण काहीतरी जाईल हे ठाऊक होते. त्यांना आज त्याचा पश्चात्ताप नाही. मग मी, ज्याला कधी गोळी आणि बसपास यांत निवड करावी लागली नाही, त्यांना "तुम्ही चुकलात" असे कोणत्या तोंडाने सांगणार?

बरेच दिवस विचार केल्यावर मला एवढेच म्हणता येते की चूक त्यांच्या निवडीत शोधणे हीच माझी चूक होती. दोष आहे तो त्यांच्यापुढे अशी निवड ठेवली गेली यात. आणि ती ठेवणाऱ्यांत दैव किंवा गरिबी एवढीच नावे नाहीत. त्यांत माझेही नाव आहे.

आम्हा हिंडलग्याच्या लोकांना त्याग हा शब्द नवा नाही. कन्नडसक्तीच्या विरोधात १९८६ साली झालेल्या आंदोलनात ज्यांनी प्राण दिले त्यांचे स्मारक आमच्या गावात आहे. दर वर्षी १ जूनला सीमाभागातून माणसे तिथे येतात, फुले वाहतात. मीही जातो. यंदा तिथे उभा असताना माझ्या मनात आले की त्याग आणि त्याग यांत फरक असतो. एक त्याग माणूस उघड्यावर, चारचौघांच्या साक्षीने, आपल्या मताने करतो. समाज त्याची आठवण ठेवतो आणि ते योग्यच आहे. दुसरा त्याग बंद दाराआड, स्वयंपाकघरातल्या सुरीने गोळी मोडून होतो. त्याची सोय आपण सर्वांनी मिळून करून ठेवलेली असते, आणि तो झाल्यावर आपण साडी-नारळ देऊन मोकळे होतो. या दुसऱ्या त्यागाची स्तुती करणे म्हणजे त्याची पुढची सोय करून ठेवणे. माझ्या त्या भाषणानंतर पहिल्या रांगेतल्या बायकांपैकी आणखी कितीजणींनी स्वतःवरचा खर्च कमी केला असेल?

आता थोडे शासनाविषयी. २०१८ सालापासून आयुष्मान भारत योजनेत गरीब कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. कर्नाटकात ती आरोग्य कर्नाटक योजनेशी जोडलेली आहे. तिचे मोल मी कमी लेखत नाही. मावशींची शस्त्रक्रिया तिच्यामुळेच झाली. परंतु तिचा भर आहे तो हॉस्पिटलात दाखल होणाऱ्यावर. घरी राहून रोज घ्यायची गोळी आणि तीन महिन्यांनी करायची तपासणी तिच्यात बसत नाही. म्हणजे बोटे कापायला पैसे मिळतात, बोटे वाचवायला मिळत नाहीत. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९ टक्क्यांवर आला, असे शासनाचे आकडे सांगतात. ही सुधारणाच आहे. पण मधुमेहाच्या रोग्याचा खर्च हा एकदाच येणारा लोंढा नसतो, तो जन्मभर गळणारा नळ असतो. लोंढ्यासाठी आपण धरण बांधले, नळ मात्र तसाच गळतो आहे.

आणि अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांमध्ये शंभरात अकराहून अधिक. आपल्या शेजारच्या गोव्यात तर हे प्रमाण शंभरात सव्वीस, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. लवकर काळजी घेतली तर काय साधते, हेही आता गुपित राहिलेले नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या आणि पाच हजारांवर रोग्यांचा समावेश असलेल्या एका दीर्घ अभ्यासाने १९९८ साली दाखवून दिले की साखर अधिक काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड यांसारखे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार चतुर्थांशाने कमी होतात. वेळेवर घेतलेली गोळी स्वस्त पडते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातील ८६५ गावांना द्यायचे ठरवले. कर्नाटक शासनाने त्याला विरोध केला. सीमाप्रश्नावर माझे मत आहे आणि ते या मासिकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. पण त्या दिवसांत वर्तमानपत्रे वाचताना मला वाटत होते की दोन राज्ये रोग्याच्या कार्डावर आपापले नाव असावे म्हणून भांडत आहेत, आणि रोगी मात्र स्वयंपाकघरात गोळी मोडतो आहे. रक्तातली साखर शिनोळीच्या नाक्यावर थांबत नाही. चंदगडचा माणूस उपचाराला बेळगावात येतो, आपल्याकडचा कोल्हापूर-मिरजेला जातो. आमच्या आजोबांच्या काळापासून हे चालत आले आहे.

भाषेची अडचणही खरी आहे. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, भिंतीवरचा तक्ता कन्नडमध्ये आणि गोळी घेणारी बाई मराठी. 'सक्करे कायिले' म्हणजे आपलाच साखरेचा आजार, एवढे आपल्या बायकांना कळते, पण कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे नीट कळत नाही. मात्र इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हॉस्पिटलातून घरी सोडताना एका कन्नडभाषिक नर्सने मावशींच्या औषधांच्या पाकिटांवर पेनाने चित्रे काढून दिली. सकाळच्या पाकिटावर सूर्य, रात्रीच्या पाकिटावर चंद्र, आणि जेवणानंतरच्या गोळीवर एक ताट. तिला मराठी फारसे येत नव्हते, मावशींना कन्नड बाजारापुरते येते. आम्ही मोठी माणसे भाषेवरून सभा घेतो, त्या मुलीने दोन मिनिटांत प्रश्न सोडवला.

माझे एक सहकारी म्हणतात, "सर, सगळं फुकट दिलं की माणूस बेफिकीर होतो. स्वतःच्या खिशातून गेलं तरच किंमत कळते." या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. गोळ्या घरात असूनही न घेणारे, साखर एकदा उतरली की औषध बंद करणारे, जांभळाच्या बियांच्या पुडीवर भिस्त ठेवून डॉक्टर सोडणारे लोक मीही पाहिले आहेत. पण मावशींना किंमत कळत नव्हती असे कोण म्हणेल? त्यांना ती एवढी कळत होती की त्यांनी गोळीचे दोन तुकडे केले. आणि हे गरीब देशातच घडते असेही नाही. इन्शुलीनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे लागला. पुढच्या वर्षी जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला ते टोचले गेले आणि तो वाचला. संशोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले, ते सर्वांना मिळावे म्हणून. त्यानंतर शंभर वर्षेही झाली नव्हती, तोच अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या मधुमेह केंद्रातल्या पाहणीत दर चार रोग्यांमागे एक जण पैशांअभावी इन्शुलीन कमी घेत असल्याचे आढळले. ती पाहणी २०१९ साली छापली गेली. अर्धी गोळी हिंडलग्यात आहे तशी अमेरिकेतही आहे. माणूस बेफिकीर आहे म्हणून ती मोडली जात नाही, तो काळजी करतो म्हणून मोडली जाते. फक्त काळजी दुसऱ्या कुणाची तरी असते.

वाचकहो, मी काही क्रांती केलेली नाही. शाळेत एवढेच केले की स्वयंपाक करणाऱ्या तिघींनाही महिन्यातून एक सकाळ आरोग्य केंद्रात जायला मोकळी ठेवली. पाळीपाळीने एकीचे काम दोघी बघतात. त्या दिवशी वाढायला आम्ही शिक्षक उभे राहतो. याला एक पैसाही खर्च आला नाही. सव्वीस महिन्यांपूर्वी हे सुचले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. मावशी पुन्हा कामावर येतात, पायात कॅनव्हासचे बूट घालून. मुले आधी हसली, आता सवय झाली. मी त्यांची माफी मागितली तेव्हा त्या फार संकोचल्या. "असं काय बोलतासा सर," म्हणाल्या आणि भात निवडायला बसल्या. माफी मिळाली की नाही, हे मला कळले नाही. मिळालीच पाहिजे असेही नाही.

यंदाच्या बक्षीस समारंभात मी आयांच्या त्यागावर बोललो नाही. मुलांना एवढेच सांगितले की घरी गेल्यावर आईच्या गोळ्यांचा डबा बघा, आणि त्यात मोडलेली गोळी दिसली तर तिला रागावू नका, मला येऊन सांगा. दुसऱ्या दिवशी चार मुले आली.

पाडवा आणि भाऊबीज तोंडावर आहेत. भाऊ बहिणीला ओवाळणी घालील, मुलगा आईला साडी घेईल. घालावी, घ्यावी, सणाची रीत आहे. पण ताट खाली ठेवण्याआधी तिला एकदा हळूच विचारावे, "गोळ्या पुरत्यात न्हवं? पूर्ण घेतीस न्हवं?" आणि ती "व्हय की" म्हणून हसून उठून गेली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. डबा उघडून बघावा.